डावीकडची वुबिना

ओस्टरवेन गावच्या फुटबॉल क्लबात लामर्टच्या तोंडी लागायला सहसा कोणी धजत नसे. माणूस भांडखोर होता म्हणून नव्हे. एकदा बोलायला लागला की कॉफीचे कप, साखरेच्या पुड्या, कुणाची तरी चष्म्याची डबी, हाताला लागेल ते टेबलावर मांडायचा आणि मैदानात मोकळी जागा कशी काढायची ते समजावायला बसायचा. समोरच्याची कॉफी थंड होऊन जायची, कारण ती तोवर उजव्या बाजूचा बचाव सांभाळत असायची.

पोटासाठी तो दुधाचा टँकर चालवायचा. सकाळी गोठ्यागोठ्यांवरून दूध गोळा करायचं आणि अरुंद अंगणांतून तेवढं मोठं धूड मागं घेऊन बाहेर काढायचं. डावीकडं वळायचं असेल तर तोंड आधी उजवीकडं न्यावं लागतं, हे तो टँकरवर शिकला, आणि फुटबॉलही तेच आहे म्हणायचा. चेंडू आपल्याकडं असला की मैदान मोठं करा, गेला की लहान करा. सगळ्याजणी चेंडूमागं धावल्यात तर जत्रा होते, आणि जत्रेत गोल होत नाहीत, पाकिटं जातात.

सगळ्याजणी, कारण त्याच्या हाती आलेला संघ बायकांचा होता. तिशी ओलांडलेल्या बायकांचा, सात जणींचा, अर्ध्या मैदानावर खेळणारा. शुक्रवारी संध्याकाळी आसपासच्या चार गावांचे संघ कुठल्या तरी एका क्लबात जमायचे, छोटे छोटे सामने व्हायचे आणि मग सगळ्या कँटीनमध्ये बिअर पीत आणि बिटरबालन, म्हणजे जीभ पोळणारे तळलेले मांसाचे गोळे, खात बसायच्या. लामर्टनं मांडणी ठरवली होती. गोलात आल्बर्डीन, तिच्यापुढं दोघी, मध्ये तिघी, सगळ्यांत पुढं एकटी मार्लूस, जी हरणासारखी पळायची आणि तितकंच कमी ऐकायची.

वुबिना या संघात आली ती गावातलं गायनमंडळ बंद पडलं म्हणून. पुरुषांचे आवाज कमी पडत होते, मग मंडळच उठलं, आणि तिचे शुक्रवार मोकळे झाले. पन्नाशीला टेकलेली, अंगानं भरलेली, वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला. नवे कोरे बूट घालून आली होती. पहिल्याच सरावात चेंडू तिच्या रोखानं आला तेव्हा तिनं तोंड फिरवलं आणि दोन्ही हात पुढं केले, कुणी अंगावर पाणी उडवावं तसे. लामर्टनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

तिला बाकावर बसवून ठेवावं, तर तेही जमणार नव्हतं. त्या क्लबात सगळ्यांना सारखा वेळ खेळवायचं, हा नियम कुठं लिहिलेला नसला तरी मोडायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा लामर्टनं टँकरवाल्याचं डोकं चालवलं. वुबिनाला त्यानं डाव्या कडेच्या पांढऱ्या रेषेपाशी नेलं आणि म्हणाला, "टाच या रेषेला लागलेली राहू दे. पुढंमागं हो, पण रेष सोडू नकोस. त्यांची एक जण तुझ्यापाशी अडकली की मध्ये आपल्याला जागा झाली. तुझं काम सगळ्यांत महत्त्वाचं आहे."

वुबिनानं रेषेकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. आजवर कुणी तिला असं काही सांगितलं नसावं.

मग लामर्ट चेंडूंच्या खोलीत गेला. बाकीच्या तिथं जाळीत चेंडू भरत होत्या. त्यानं आवाज खाली आणून त्यांना सांगितलं की वुबिनाकडं चेंडू देऊ नका, उगाच कशाला तिचे हाल आणि आपलेही. मार्लूस हसली. आल्बर्डीननं खांदे उडवले. तसं ठरून गेलं.

गंमत म्हणजे जमलं. शरद ऋतूपासून संघ जिंकायला लागला. मध्ये खरोखर जागा व्हायची, मार्लूस त्या जागेतून सुसाट निघायची, आणि लामर्ट बाजूला उभा राहून खिशात मुठी आवळायचा. वुबिना पाऊस असो, वारा असो, रेषेवर असायची. तिचे बूट कधी फारसे मळत नसत. सामना संपला की लामर्ट तिच्या पाठीवर थाप मारून "छान" म्हणायचा. ती लाजून हसायची. त्याला ते हसू आवडायचं, आणि आपण दयाळू माणूस आहोत असंही वाटायचं.

फेब्रुवारीत वुबिनाचा वाढदिवस आला. सगळ्या संघाला बोलावणं होतं. खुर्च्या भिंतीकडेनं गोल मांडलेल्या, तिथल्या रीतीप्रमाणे आल्या आल्या सगळ्यांशी हात मिळवून वुबिनाबद्दल तिच्या बहिणीचं, मेव्हण्याचं, शेजारणीचं अभिनंदन करायचं, मग बशी मांडीवर घेऊन केकचा एक तुकडा आणि कॉफी. लामर्ट आणि त्याची बायको हिली खिडकीपाशी बसली होती. गप्पा सायकलींवरून गुडघ्यांवर आल्या, आणि वुबिनाच्या बहिणीनं विचारलं की तू त्या फुटबॉलमध्ये करतेस तरी काय.

वुबिनानं बशी खाली ठेवली. मधल्या टेबलावर तिनं कप मांडायला सुरुवात केली. हा गोल, ह्या दोघी, ही मार्लूस. लामर्टच्या लक्षात आलं की ती कप अगदी त्याच्यासारखाच दोन बोटांत धरून सरकवतेय. शेवटची एक बशी तिनं टेबलाच्या अगदी कडेला नेऊन ठेवली आणि म्हणाली, "ही मी. मी जागा करते."

"मग चेंडू तुझ्याकडं कधी येतो?" बहिणीनं विचारलं.

"येत नाही. आला तर मी केलेली जागा वाया जाईल ना."

किती शांतपणे बोलली. धुलाईघरात चादरीची घडी कशी घालायची ते एखाद्या नवीन मुलीला सांगावं तसं. बहीण म्हणाली, अस्सं. संघातल्या बायका कॉफीत बघत बसल्या. मार्लूसला अचानक ओठांवर रुमाल धरावा लागला. शेजारी बसलेला वुबिनाचा मेव्हणा फ्रेर्क लामर्टच्या कानाशी झुकला आणि म्हणाला, "बेस सोय लावलीस गड्या. आमच्याकडंही हिला कुठं ठेवायचं हा प्रश्नच असतो."

लामर्टला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फ्रेर्क हा गावातला नंबर एकचा कुजकट माणूस, आणि त्यानं आपल्याला आपल्यातला समजून डोळा मारावा! आणि चूक काय होती त्याची? त्यानं अचूक ओळखलं होतं. टेबलाच्या कडेला ती बशी एकटीच पडली होती आणि वुबिना तिच्याकडं कौतुकानं बघत होती. लामर्टनं उरलेला केक तसाच ठेवला, जे त्या घरात कुणी कधी केलं नव्हतं.

त्या दिवसानंतर टँकर चालवताना त्याला सारखी ती बशी दिसायची. प्रौढ बाईला आपण खुंटा म्हणून रोवलं, वर तिला सांगितलं की तू खांब आहेस, आणि मागून सगळ्यांना सांगून ठेवलं की हा खुंटा आहे. आठवलं की कानाच्या पाळ्या तापायच्या. दर शुक्रवारी तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला की तो मध्येच ओशाळून केसांवरून फिरायचा. वुबिना मात्र रेषेवर टाच लावून हजर.

शेवटी त्यानं हिलीला सांगितलं की आता वुबिनाला खरं सांगून टाकणार. हिली बटाटे सोलत होती. तिनं सुरी थांबवली नाही. म्हणाली, "पोट तुझं दुखतंय आणि ओवा तिला खायला घालतोस होय?"

"मी खोटं बोललो हिली."

"बोललास ना? मग आता ते तुझ्यापाशी ठेव. सोस जरा."

शहाणी बाई. पण ओस्टरवेनमध्ये शहाणपणापेक्षा सरळपणाला भाव जास्त. तिथं लोक तुमच्या घरी येऊन तुमचे पडदे वाईट आहेत हे तोंडावर सांगतात आणि ते ऐकवल्याबद्दल स्वतःला सज्जन समजतात. लामर्टच्या वडिलांनी पाद्र्याला चर्चच्या दारात सांगितलं होतं की प्रवचन लांबलं, आणि घराण्यात ही गोष्ट अजून अभिमानानं सांगतात. सांगितलं की माणूस सुटला, अशी तिथली समजूत. ऐकणाऱ्याचं काय होतं, याची चौकशी करायची पद्धत नाही.

गुरुवारी सराव झाल्यावर वुबिनाची कँटीनमधली पाळी होती. प्रत्येक सभासदाला ती करावीच लागते. ती ॲप्रन बांधून तळणीपाशी उभी होती. लामर्ट खिडकीशी आला, मागं कुणी नाही असं पाहिलं आणि म्हणाला, "वुबिना, सरळच सांगतो."

त्या गावात कुणी असं म्हणालं की समोरच्यानं जवळचं काहीतरी घट्ट धरावं. वुबिनाच्या हातात झारा होता.

"तुझं काम महत्त्वाचं म्हणून मी तुला त्या रेषेवर उभं केलं नव्हतं. तुला चेंडू जमत नव्हता, आणि बसवून ठेवणं वाईट दिसलं असतं. म्हणून कडेला काढलं, आणि वर खोटं बोललो. मला लाज वाटते त्याची. तुला माहीत असायला हवं."

वुबिनानं जाळी वर उचलली, बटाटे हलवले, पुन्हा तेलात सोडले.

"बाकीच्यांना माहीत होतं?"

इथं तरी त्यानं जीभ आवरायची. पण सरळपणा एकदा अंगात आला की उतरत नाही. "मीच सांगितलं होतं त्यांना. तुझ्याकडं चेंडू देऊ नका म्हणून."

"आल्बर्डीनलासुद्धा?"

"सगळ्यांनाच."

"बरं," ती म्हणाली. ओल्या फडक्यानं तिनं खिडकीची फळी पुसली, लामर्टचे कोपर जिथं टेकले होते तिथवर. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "बहिणीला सांगितलं मी सगळं. कप मांडून."

तो माफ कर म्हणाला. ती म्हणाली, जा, बटाटे करपतील. आणि खरी लाजेची गोष्ट ही, की घरी जाताना लामर्टला हलकं वाटत होतं. कित्येक दिवसांनी त्यानं पोटभर जेवण केलं. हिलीनं ताटाकडं पाहिलं, सगळं ओळखलं आणि उठून भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी सामने ओस्टरवेनच्याच मैदानावर होते. लामर्टला धाकधूक होती की वुबिना येते की नाही. ती आली. संघाचे शर्ट धुवायची पाळी तिचीच होती, आणि पिशवीत सगळे घड्या घालून, क्रमानं लावलेले होते. तिनं ते वाटले. आल्बर्डीनला देताना नेहमी दोन शब्द बोलायची, आज नुसता शर्ट दिला.

लामर्टनं आदल्या संध्याकाळीच ठरवलं होतं की चूक सुधारायची. डावीकडं मार्लूस जाईल असं त्यानं जाहीर केलं, आणि वुबिनाला म्हणाला, "तुला वाटेल तिथं खेळ." उदार वाटलं त्याला स्वतःला. वुबिना मैदानात गेली आणि चेंडू जिथं होता तिथं, म्हणजे मध्ये, घोळक्यात जाऊन उभी राहिली. डोकं खाली घालून ती चेंडूमागं धावत होती. बाजूला उभ्या माणसालाही तिचा श्वास ऐकू येत होता.

आणि सगळी मांडणी कोलमडली. मार्लूस डावीकडं मोकळी उभी राहून हात हलवत होती, पण तिकडं कुणी बघेचना. इतके महिने डावीकडं चेंडू द्यायचा नाही हे लामर्टनंच शिकवलं होतं, आणि शिकवण चांगली मुरली होती. मार्लूस कंटाळली आणि मध्ये आली. तिच्याबरोबर तिला धरून असलेली समोरच्या संघातली बाईही मध्ये आली. मग तर जत्राच. पुढं पाऊल टाकायला जागा नव्हती. पहिला सामना हरल्या, दुसराही हरल्या.

मधल्या वेळेत शेजारगावच्या संघाची प्रशिक्षक चहाचा कप घेऊन लामर्टपाशी आली. उंच, मोठ्या आवाजाची बाई. तिनं विचारलं, "तुमची ती डावीकडची आज मध्ये कशी? आम्ही तर सुटलो."

लामर्ट म्हणाला, सुटलो म्हणजे काय.

"अरे, आमच्या दोघी तिच्यापायी वेड्या होतात. चेंडू तुमच्या मधलीकडं आला की ही पुढच्या कोपऱ्याकडं सरकते, हात वर करून ओरडते, मी मोकळी आहे, मी मोकळी आहे! आमची तिच्यामागं पळते, कधी दुसरीही जाते, आणि मध्ये तुमची ती हरिणी निघून जाते. दर वेळी सांगते मी यांना, तिच्याकडं बघू नका. पण ती ओरडते अशी मनापासून, की बघितल्यावाचून राहवत नाही. तिला चेंडू द्यायचाच नाही, ही युक्ती तुझीच ना? चांगली शिकवलीस हं तिला."

लामर्टनं हे शिकवलं नव्हतं. त्यानं फक्त टाच रेषेवर ठेवायला सांगितलं होतं. तो आल्बर्डीनकडं गेला. ती गोलाच्या खांबाला टेकून संत्रं खात होती. गोलात उभं राहणाऱ्याला सगळं मैदान दिसतं. त्यानं विचारलं की वुबिना डावीकडं खरंच काही करायची का.

"सुरुवातीला नुसती उभी असायची," आल्बर्डीन म्हणाली. "हिवाळ्यापासून नाही. हळूहळू तिचं तिला समजत गेलं. कधी हलायचं, कधी ओरडायचं. मला वाटलं तूच सांगतोयस."

"मला बोलली का नाहीस कधी?"

"तू प्रशिक्षक आहेस. बघत असशीलच असं वाटलं."

तो बघत नव्हता. चेंडूकडं बघू नका, जागेकडं बघा, असं सगळ्या गावाच्या कॉफ्या थंड करून सांगणारा हा माणूस स्वतः सारा काळ चेंडूकडं बघत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. शुक्रवारमागून शुक्रवार त्याच्या नाकासमोर ती बाई ओरडत होती आणि तिचं ओरडणं त्याला वाऱ्यासारखं झालं होतं. म्हणजे त्यानं शरदात सांगितलेलं खोटं हिवाळ्यात खरं झालं होतं, तिनं ते करून दाखवलं होतं. आणि काल खिडकीशी उभं राहून, मोठ्या प्रामाणिकपणे, त्यानं जे सांगितलं तेच खोटं होतं. आधीची लाज निदान पोटात ठेवता येत होती. ही कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

वुबिना बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होती. चेहरा लाल झालेला, नडगीवर ओरखडा. लामर्ट तिच्यासमोर उकिडवा बसला.

"वुबिना, शेवटच्या सामन्याला डावीकडं जा."

"का?"

"कारण तू तिथं चांगली खेळतेस. फार चांगली. मला माहीत नव्हतं, मी बघतच नव्हतो. काल बोललो ते चुकीचं बोललो."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती. दमून बसलेल्या माणसाला कुणी पुन्हा उठायला सांगितलं की तो जसा बघतो, तशी ती त्याच्याकडं बघत होती.

"तू भला माणूस आहेस लामर्ट," ती म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून धडपडतोस. तेव्हाही तेच करत होतास."

"या वेळी खरं सांगतोय."

"असेल. पण मला कसं कळणार?"

"त्या बाईंना विचार, त्या उंच प्रशिक्षक आहेत त्यांना. आल्बर्डीनला विचार. ती तुला मागून बघते."

वुबिनानं नाडीची दुसरी गाठ मारली आणि उठली.

"त्यांनाही तूच सांगितलं असशील," ती म्हणाली.

शिट्टी वाजली. वुबिना मैदानाच्या मध्ये गेली. बाकीच्याही तिथंच होत्या. चेंडू एकदा तिच्या गुडघ्याला लागून उडाला, ती त्याच्यामागं धावली आणि तिच्यामागं सगळ्या धावल्या. नेहमी अशा वेळी लामर्ट गळा फाडून ओरडायचा की रुंदी द्या, रुंदी द्या. त्यानं तोंड उघडलं. पण रेषेवर जा असं आता तो कुणाला सांगणार होता? त्यानं तोंड मिटून घेतलं.

डावीकडं कुणीच नव्हतं, त्यांचंही नाही आणि यांचंही नाही. चेंडू भलतीकडंच होता. लामर्ट सामना संपेपर्यंत डावीकडंच बघत राहिला.